ऑटोक्रॉससाठी टायर कोणता आणि हवा किती? नाशिकच्या गाडीवेड्या पोरांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी संपूर्ण माहिती

नाशिक आणि गाड्या यांचं नातं जुनं आहे. सातपूर-अंबडच्या एमआयडीसीत गाड्या बनतात, गाड्यांचे सुटे भाग बनतात. सिएट कंपनीचा टायरचा कारखानाही सातपूरला आहे. राष्ट्रीय रॅली स्पर्धेची 'रॅली ऑफ महाराष्ट्र' ही फेरी नाशिकला झालेली आहे. द्वारका, वडाळा नाका, जुने नाशिक या भागांतल्या आपल्या अनेक घरांची रोजी-रोटी गॅरेज, टायर, पंक्चर, डेंटिंग-पेंटिंग यावर चालते. अशा शहरातल्या पोरांना वेगाचं वेड लागणार नाही तर काय!

पण हे वेड दोन वाटांनी जातं. एक वाट रात्री अकरानंतर रिकाम्या रस्त्यावर शर्यत लावण्याची. तिचा शेवट बऱ्याचदा पोलीस ठाण्यात नाहीतर हॉस्पिटलमध्ये होतो. दुसरी वाट बंद मैदानावर, हेल्मेट घालून, घड्याळाशी शर्यत लावण्याची. त्यालाच ऑटोक्रॉस म्हणतात. त्या वाटेने जायचं तर सगळ्यात आधी टायर आणि हवा या दोन गोष्टी समजून घ्याव्या लागतात, कारण गाडीचा जमिनीशी संबंध फक्त चार तळहातांएवढ्या जागेतून येतो. इंजिन कितीही जोरदार असो, ती चार ठिकाणं घसरली की सगळं संपलं.

ऑटोक्रॉस म्हणजे नेमकं काय?

मोकळ्या मैदानावर कोन आणि झेंडे लावून वाकडातिकडा मार्ग आखतात. गाड्या एकेक करून सोडतात, कधी दोन गाड्या वेगवेगळ्या समांतर मार्गांवर सोडतात. टक्कर देऊन ओव्हरटेक करायचं नसतं. कमी वेळात मार्ग पूर्ण करणारा जिंकतो. कोन पाडला की वेळेत दंडाचे सेकंद मिळवले जातात. एक फेरी साधारण एक-दोन मिनिटांची. सरळ रस्ता कमी आणि वळणं जास्त, त्यामुळे गाडी बहुतेक वेळ दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्येच असते.

इथे एक फरक लक्षात ठेवायला हवा. अमेरिकेत ऑटोक्रॉस डांबरी किंवा काँक्रिटच्या पार्किंगमध्ये होतं. आपल्याकडे ते बहुतेक वेळा मातीच्या, मुरमाच्या मैदानावर होतं. इंटरनेटवर दिसणारे टायरचे आणि हवेचे सल्ले बहुतेक अमेरिकेतल्या डांबरी मैदानांचे असतात. ते जसेच्या तसे नाशिकच्या मुरमावर वापरले तर फायदा सोडा, नुकसानच होईल. म्हणून पुढे आम्ही दोन्हीचे आकडे वेगवेगळे दिले आहेत.

टायरवरचे आकडे आधी वाचायला शिका

समजा टायरवर '१८५/६५ आर १५ ८८ एच' असं लिहिलं आहे. त्याचा अर्थ असा:

१८५ – टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये.
६५ – बाजूच्या भिंतीची उंची ही रुंदीच्या ६५ टक्के. म्हणजे सुमारे १२० मिलिमीटर.
आर – रेडियल.
१५ – रिमचा व्यास, इंचात.
८८ – वजनाचा आकडा. एका टायरवर ५६० किलोपर्यंत भार चालतो. ८२ असेल तर ४७५ किलो.
एच – वेगाची मर्यादा, ताशी २१० किलोमीटर. टी म्हणजे १९०, व्ही म्हणजे २४०.

आणखी एक छोटा चार आकडी कोड लंबगोल चौकटीत असतो. '२३२३' म्हणजे २०२३ सालच्या २३ व्या आठवड्यात बनलेला टायर. सेकंडहँड टायर घेताना सगळ्यात आधी हा कोड बघा. नक्षी छान दिसते म्हणून सहा-सात वर्षांचा टायर घेऊ नका. रबर कडक होतं, आणि कडक रबर जमीन पकडत नाही.

अनेक टायरवर 'ट्रेडवेअर' नावाचाही आकडा असतो, २००, ३००, ४०० असा. आकडा जितका मोठा तितका टायर जास्त टिकणारा, आणि साधारणपणे तितकं रबर कडक. अमेरिकेतल्या स्पोर्ट्स कार क्लबच्या ऑटोक्रॉसमध्ये रस्त्यावरच्या गाड्यांच्या वर्गात किमान २०० ट्रेडवेअरची अट असते, म्हणजे कोणी फार मऊ टायर लावून पैशाच्या जोरावर जिंकू नये. मात्र हा आकडा प्रत्येक कंपनी स्वतः ठरवते, त्यामुळे दोन वेगळ्या कंपन्यांच्या आकड्यांची तुलना अंदाजापुरतीच करावी.

टायरचे चार प्रकार, एकमेकांसमोर

पहिला, कंपनीतून आलेला साधा टायर. नवीन हॅचबॅकबरोबर येतो तोच. मायलेज चांगलं, आवाज कमी, आयुष्य मोठं. रबर कडक आणि भिंत मऊ, त्यामुळे जोरात वळवलं की टायर दुमडतो. तरीही पहिल्या दोन-तीन स्पर्धांना हाच टायर सगळ्यात चांगला. कारण तो हळूहळू घसरतो, आवाज करून आधी सांगतो, आणि शिकणाऱ्याला गाडी समजते.

दुसरा, परफॉर्मन्स रोड टायर. रबर मऊ, भिंत ताठ, नक्षीचे ठोकळे मोठे. डांबरावर आणि काँक्रिटवर याचा फरक पहिल्याच वळणावर कळतो. स्टिअरिंग फिरवलं की गाडी लगेच वळते. पण मातीवर हा टायर जवळजवळ वाया जातो. बारीक नक्षीत माती भरते आणि टायर गुळगुळीत होतो. ताठ आणि बुटक्या भिंतीमुळे दगड लागला की रिम वाकायची भीती वेगळीच.

तिसरा, मातीचा रॅली टायर. जाड भिंत, खोल आणि मोकळ्या ठोकळ्यांची नक्षी. मुरमात हे ठोकळे वरचे सुटे खडे बाजूला सारून खालची घट्ट जमीन पकडतात. एमआरएफ आणि जेके या भारतीय कंपन्या मोटरस्पोर्टमध्ये जुन्या आहेत. एमआरएफच्या टायरवर धावणाऱ्या एफ्रेन यारेना या स्पॅनिश चालकाने २०२२ साली युरोपियन रॅली स्पर्धेचं विजेतेपद मिळवलं, म्हणजे या बाबतीत परदेशी टायरसाठी रांग लावायची गरज नाही. मात्र यातले बरेच टायर स्पर्धेपुरते असतात, रोजच्या रस्त्यासाठी नाहीत. डांबरावर ते लवकर झिजतात आणि ब्रेक लागायला अंतर जास्त घेतात. घेण्याआधी टायरवर रस्त्यासाठीच्या मान्यतेची खूण आहे का ते बघा.

चौथा, ऑल टेरेन टायर, जो जिप्सी, थार, बोलेरोसारख्या गाड्यांना लावतात. मातीवर ठीक, डांबरावरही चालतो. पण जड असतो. लहान हॅचबॅकला त्याची साइज सहसा मिळत नाही आणि मिळाली तरी गाडी सुस्त होते.

आमचा सल्ला सरळ आहे. मुरमावर उतरायचं आणि त्याच गाडीने घरच्यांना सोमवारी दवाखान्यात न्यायचं असेल, तर चांगल्या स्थितीतला साधा टायर ठेवा. डांबरी मैदानावर नियमित भाग घेणार असाल तर परफॉर्मन्स टायर घ्या. रॅली टायर घ्यायचाच तर वेगळ्या रिमवर वेगळा सेट ठेवा आणि मैदानावर जाऊनच बदला. रिमोल्ड टायर ऑटोक्रॉसला अजिबात नको. वळणातल्या ताणाने वरचा थर सुटू शकतो.

साइज बदलताना काय बघायचं?

बऱ्याच पोरांचा समज असतो की रुंद टायर म्हणजे जास्त पकड. अर्धं खरं आहे. खाली एकाच उंचीच्या आसपासचे तीन टायर बघा:

१६५/८० आर १४ – पूर्ण उंची सुमारे ६२० मिलिमीटर, भिंत १३२ मिलिमीटर.
१८५/६५ आर १५ – पूर्ण उंची सुमारे ६२१ मिलिमीटर, भिंत १२० मिलिमीटर.
१९५/५५ आर १६ – पूर्ण उंची सुमारे ६२१ मिलिमीटर, भिंत १०७ मिलिमीटर.

पूर्ण उंची तीच राहिली तर स्पीडोमीटर खोटं बोलत नाही आणि गिअरचं गणित बिघडत नाही. बदलते ती भिंत. डांबरावर बुटकी भिंत बरी, कारण ती कमी दुमडते. मातीवर उंच भिंत बरी, कारण खड्डा आणि दगड ती स्वतः झेलते आणि रिम वाचवते. सैल मातीवर फार रुंद टायर उलट तरंगतो, तर अरुंद टायर माती कापून खाली घट्ट थरापर्यंत जातो. म्हणजे मुरमावरच्या स्पर्धेसाठी चौदा इंचाची जुनी रिम काढून सोळा इंचाच्या चकचकीत अलॉय लावणं हा उलटा खर्च आहे.

रुंदी वाढवताना टायर पूर्ण वळणावर आतल्या लाइनरला किंवा सस्पेन्शनला घासत नाही ना हे जॅक लावून तपासा. वजनाचा आकडा कंपनीच्या टायरपेक्षा कमी नको.

हवेचं गणित: नाशिकला एवढं कळलं पाहिजे

ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर एक स्टिकर असतो. त्यावर गाडीची हवा लिहिलेली असते, लहान गाड्यांना साधारण ३० पीएसआयच्या आसपास. हा आकडा थंड टायरचा असतो, म्हणजे गाडी निदान तीन तास उभी आहे किंवा अगदी थोडी चालली आहे तेव्हाचा. टायरच्या भिंतीवर '४४' किंवा '५१' असा जो आकडा असतो, तो भरायचा आकडा नव्हे. ती शेवटची मर्यादा. हे दोन आकडे एकच समजून टायर दगडासारखे कडक करणारे कमी नाहीत.

तापमान वाढलं की हवेचा दाब वाढतो. हिशोब सोपा आहे, दर १० अंशाला साधारण दीड पीएसआय. नाशिकच्या हिवाळ्यात सकाळी सातला १२ अंश असतात आणि दुपारी दोनला ३२. सकाळी भरलेली ३० पीएसआय हवा दुपारी टायरला हात न लावता ३३ होते. सकाळी छान वळणारी गाडी दुपारी घसरू लागली तर चालकाला दोष देण्याआधी मीटर लावून बघा.

उन्हात उभ्या गाडीच्या एका बाजूचे टायर जास्त तापतात. दोन बाजूंत एक-दोन पीएसआयचा फरक सहज पडतो. म्हणून हवा तपासताना गाडी सावलीत घ्या, किंवा चारही टायर सारखे तापलेले असताना तपासा.

उंचीचाही थोडा हिशोब आहे. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच आहे. मुंबईत हवा भरून कसारा घाट चढून आलात तर बाहेरचा दाब कमी झाल्यामुळे मीटर साधारण एक पीएसआय जास्त दाखवतो. घरच्या वापराला याने काही बिघडत नाही, पण स्पर्धेसाठी मुंबई-पुण्याहून येणाऱ्यांनी हवा मैदानावर आल्यावरच ठरवावी.

नायट्रोजनबद्दल नेहमी विचारलं जातं. आपल्या साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. नायट्रोजन भरण्याचा खरा फायदा म्हणजे त्यात ओलावा नसतो, त्यामुळे दाब थोडा जास्त स्थिर राहतो. एक-दोन मिनिटांच्या फेरीसाठी त्याने निकाल बदलत नाही. तेच पैसे स्वतःच्या चांगल्या मीटरला लावा. दोन पंपांवरचे मीटर दोन वेगळे आकडे दाखवतात, तुमचा एकच मीटर कायम तुमच्याकडे असला की निदान तुलना खरी होते.

सुरुवातीचे आकडे

पुढचे आकडे पुढच्या चाकांवर चालणाऱ्या, नऊशे-हजार किलोच्या हॅचबॅकसाठी आहेत, साध्या किंवा परफॉर्मन्स रोड टायरवर. इथून सुरुवात करायची, मग एकेक-दोन पीएसआयने वर-खाली करायचं.

कोरडं डांबर किंवा काँक्रिट: पुढे ३६ ते ३८, मागे ३४ ते ३६. स्टिकरपेक्षा जास्त हवा का? कारण जोरात वळताना सगळं वजन पुढच्या बाहेरच्या टायरवर येतं आणि मऊ भिंत दुमडून टायर कडेवर उभा राहतो. जास्त हवेने भिंत ताठ राहते. ताठ भिंतीचा परफॉर्मन्स टायर असेल तर एवढी वाढ लागत नाही, दोन-तीन पीएसआय कमी ठेवा.

ओलं डांबर: कोरड्यासाठी जे ठरलं त्याच्या आसपासच ठेवा. हवा कमी केल्याने ओल्यात पकड वाढते हा समज बरोबर नाही. मऊ टायरच्या नक्षीच्या फटी दबतात आणि पाणी बाहेर पडत नाही. ओल्यात नक्षीची खोली हीच खरी दौलत.

घट्ट मुरूम, वर बारीक खडी: पुढे २८ ते ३०, मागेही तेवढीच. म्हणजे जवळजवळ स्टिकरवरचा आकडा. मोठे दगड दिसत असतील तर दोन पीएसआय वाढवा, पकड थोडी जाईल पण रिम आणि टायर वाचेल.

सैल माती: पुढे आणि मागे २४ ते २६. टायर थोडा पसरतो, जमिनीवर जास्त जागा घेतो. पण ट्यूबलेस टायरमध्ये २२ च्या खाली जाऊ नका. आडवं घसरताना टायरची कड रिमवरून सुटते, एका क्षणात हवा जाते आणि गाडी उलटू शकते.

काळी माती आणि पाऊस: इथे हवेचा आकडा फारसा मदतीला येत नाही. आपली काळी माती ओली झाली की टायरला गोळा होऊन चिकटते आणि कोणताही रोड टायर गुळगुळीत होतो. मोकळ्या ठोकळ्यांचा टायर नसेल तर त्या दिवशी स्पर्धा सोडून द्या.

पुढे आणि मागे वेगवेगळी हवा का?

गाडी दोन प्रकारे चुकते. स्टिअरिंग वळवलं तरी नाक सरळच बाहेर जातं, म्हणजे पुढचे टायर हरले. किंवा नाक वळतं पण शेपूट फिरून पुढे येऊ बघतं, म्हणजे मागचे टायर हरले. आपल्या हॅचबॅक गाड्या मुद्दाम पहिल्या प्रकारच्या बनवलेल्या असतात, कारण सामान्य माणसासाठी ते सुरक्षित असतं.

नाक बाहेर जात असेल तर आधी पुढचा टायर कडेवर दुमडतोय का बघा. दुमडत असेल तर पुढे दोन पीएसआय वाढवा. दुमडत नसेल तर पुढे दोन कमी करून बघा. एवढ्याने भागलं नाही तर डांबरावरचे अनुभवी चालक मागे हवा वाढवतात, म्हणजे मागची पकड थोडी कमी होऊन गाडी लवकर वळते. नवशिक्याने हा शेवटचा उपाय करू नये. शेपूट सुटलेली गाडी सावरायला सराव लागतो.

आणि मंडळी, एका वेळी एकच बदल! पुढची हवा, मागची हवा आणि चालवण्याची पद्धत तिन्ही एकदम बदललं तर वेळ सुधारला तरी कशामुळे ते कळणार नाही.

खडूची पद्धत

यासाठी महागडं यंत्र नको, शाळेतला खडू पुरे. टायरच्या नक्षीच्या कडेपासून बाजूच्या भिंतीवर येईल अशी खडूची जाड रेघ तीन ठिकाणी ओढा. बऱ्याच टायरवर कडेला छोटा त्रिकोण असतो, रेघ त्यावरून जाऊ द्या. एक फेरी मारा आणि बघा.

खडू त्रिकोणाच्या टोकाच्या आसपास पुसला गेला – हवा बरोबर.
त्रिकोणाच्या पलीकडे भिंतीवरही पुसला गेला – टायर दुमडतोय, दोन पीएसआय वाढवा.
खडू नक्षीच्या कडेलाही शाबूत आहे – टायर फुगलाय, दोन पीएसआय कमी करा.

ही पद्धत डांबरावर उत्तम चालते. मातीवर खडू धुळीनेच पुसला जातो, तिथे घड्याळ आणि टायरच्या भिंतीवरचे ओरखडे यांवर भरवसा ठेवा.

प्रत्येक फेरीनंतर वहीत चार गोष्टी लिहा: वेळ, जमिनीचा प्रकार, चारही टायरची हवा, आणि गाडी कशी वळली ते एका वाक्यात. तीन स्पर्धांनंतर ही वही कोणत्याही सल्लागारापेक्षा जास्त कामाची ठरते.

स्पर्धेच्या दिवसाचा क्रम

घरून निघताना स्टिकरप्रमाणे हवा, म्हणजे रस्त्याचा प्रवास सुरक्षित. मैदानावर पोचल्यावर गाडी रिकामी करा, स्टेपनी, जॅक, पाण्याच्या बाटल्या, पायाखालच्या मॅट सगळं बाहेर. सुटी वस्तू ब्रेकखाली जाऊ शकते. नटबोल्ट पाना लावून तपासा. मार्ग पायी चालून बघा, दगड कुठे, खड्डा कुठे, माती सैल कुठे. मग ठरवलेली हवा भरा.

पहिली फेरी ओळखीची, निकालाची नाही. फेऱ्या लागोपाठ झाल्या की टायर तापून दाब दोन-तीन पीएसआय चढतो, तेवढी हवा काढा. एकच गाडी दोन भाऊ चालवत असतील तर मध्ये टायरला थंड व्हायला वेळ द्या. डांबरावर बाहेरून पाणी शिंपडूनही थंड करतात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, घरी निघण्याआधी हवा पुन्हा स्टिकरच्या आकड्यावर आणा. ३८ वर ठेवलेला टायर पावसात घाटरस्त्यावर ब्रेक लावताना धोका देतो, २४ वर ठेवलेला टायर हायवेला तापून फुटू शकतो. त्याच गाडीत संध्याकाळी अम्मी आणि लहान भावंडं बसणार आहेत हे विसरू नका. टायर आतून-बाहेरून बघा. भिंतीवर फुगवटा किंवा काप दिसला तर तो टायर संपला, त्याचं पंक्चर काढून चालत नाही. जोरात आपटलं असेल तर अलाइनमेंट तपासून घ्या.

पैशाचा प्रश्न

टायरचा नवीन सेट हा मध्यम घरासाठी लहान खर्च नाही. हप्त्यावर टायर घेऊन छंद करू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. आधी अलाइनमेंट, बॅलन्सिंग, चांगला मीटर, आणि जुन्या टायरवर तीन स्पर्धा. नवशिक्याचा वेळ चालवायला शिकून जेवढा सुधारतो तेवढा टायर बदलून सुधारत नाही. दोनच टायर बदलायचे असतील तर नवे टायर मागे लावा आणि पुढच्या जोडीत निदान चांगली नक्षी असू द्या. मागे झिजलेले टायर असले की ओल्या रस्त्यावर शेपूट अचानक फिरतं.

कायद्याने नक्षी किमान १.६ मिलिमीटर हवी. फटीमध्ये जे छोटे उंचवटे असतात, तिथपर्यंत टायर घासला की बदलायचा. 'स्पर्धेपुरता चालेल' म्हणून गुळगुळीत टायर आणला तर तपासणीतच परत पाठवतात.

कायदा आणि विमा: घरच्यांनी नक्की वाचावं

मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ नुसार राज्य सरकारच्या लेखी परवानगीशिवाय सार्वजनिक ठिकाणी शर्यत लावणं किंवा लावू देणं हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, पुन्हा केल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर कलम १९९ अ लागतं. पालक किंवा गाडीचा मालक जबाबदार धरला जातो, तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द, आणि त्या मुलाला वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत लायसन्स नाही. 'पोरगं हौशी आहे' म्हणून चावी देणाऱ्या अब्बूंनी हे एकदा शांतपणे वाचावं.

भारतात मोटरस्पोर्टचा कारभार एफएमएससीआय ही संस्था बघते. नाशिकमध्ये वेस्टर्न इंडिया स्पोर्ट्स असोसिएशन हा क्लब या क्षेत्रात जुना आहे. स्पर्धेत नाव घालण्याआधी तिला मान्यता आहे का, अॅम्ब्युलन्स आणि अग्निशामक साधनं आहेत का, प्रेक्षक मार्गापासून लांब आहेत का, हे विचारायला लाजू नका. नियमपत्रिकेत कोणत्या वर्गात कोणते टायर चालतात ते दिलेलं असतं, टायर विकत घेण्याआधी ते वाचा.

विम्याबाबत गैरसमज मोठा आहे. गाडीच्या नेहमीच्या पॉलिसीत संघटित शर्यत आणि वेगाच्या चाचणीसाठीचा वापर वगळलेला असतो. म्हणजे मैदानावर गाडीचं नुकसान झालं तर खर्च आपल्याच खिशातून. वडिलांच्या टॅक्सीने किंवा धंद्याच्या गाडीने ऑटोक्रॉसला जाणं म्हणजे घराची रोजी डावावर लावणं आहे.

टायरच्या धंद्यातल्या पोरांसाठी

आपल्या वस्तीतल्या टायर दुकानांत उस्तादाच्या हाताखाली शिकलेली पोरं केवळ हात फिरवून टायर कुठे उंचावलाय ते सांगतात. हा हुन्नर छोटा नाही. त्याला मोजमाप जोडलं की त्याची किंमत वाढते. हवा भरताना ग्राहकाला स्टिकर दाखवणं, नक्षी मोजून सांगणं, तारखेचा कोड वाचून दाखवणं, बाहेरून दोरी घालण्याऐवजी टायर उतरवून आतून पॅच लावणं, या सवयींनी दुकानाचा विश्वास वाढतो. रॅली आणि ऑटोक्रॉसच्या टीमना टायर बदलणारे, हवा सांभाळणारे, नोंद ठेवणारे कारीगर लागतात.

या खेळात स्टिअरिंगशिवायही जागा आहेत. केरळच्या कासरगोडचे मुसा शरीफ सह-चालक म्हणून देशातल्या नामवंत रॅलीपटूंमध्ये गणले जातात. ते गाडी चालवत नाहीत, शेजारी बसून नोट्स वाचतात. अर्जुन पुरस्कार मिळवणारे पहिले मोटरस्पोर्ट खेळाडू गौरव गिल यांच्यासोबतही त्यांनी रॅली केल्या आहेत. नोट्स वाचणं, हिशोब ठेवणं, वेळ सांभाळणं हेही कौशल्यच. आणि हा फक्त मुलांचा खेळ नाही, बऱ्याच ऑटोक्रॉसमध्ये महिलांचा वेगळा वर्ग असतो.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

स्पर्धेसाठी मुलाचं वय किती हवं? रस्त्यावरची गाडी चालवायची तर १८ पूर्ण आणि लायसन्स हवंच. बाकी अटी त्या स्पर्धेच्या नियमपत्रिकेत बघा.

चारही टायर एकाच कंपनीचे हवेत का? चारही सारखे असले तर उत्तम. निदान एका अॅक्सलवरचे दोन टायर कंपनी, साइज आणि झीज यांत सारखेच हवेत.

रोजच्या वापरात थोडी जास्त हवा ठेवली तर मायलेज वाढतं का? किंचित वाढतं, पण मधली नक्षी लवकर झिजते आणि ओल्यात ब्रेक कमी लागतो. स्टिकरचा आकडाच बरा.

हवा किती दिवसांनी तपासावी? रोजच्या गाडीची पंधरा दिवसांनी, आणि लांबच्या प्रवासाआधी नक्की. ज्या घरात कोणी ऑटोक्रॉसला जातं, तिथे स्पर्धेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी थंड टायरवर पुन्हा एकदा. स्टेपनीचीही बघा, ती सगळ्यांत शेवटी आठवते आणि सगळ्यांत आधी लागते.